अचानक तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, तर दवाखान्यात आधी काय पाहतात?

'लकवाच आहे, उद्या नेऊ' असं आमच्या यवतमाळकडच्या खेड्यांत अजून म्हणतात. तिथंच घात होतो. डॉक्टर हसायला लावतात, दोन्ही हात समोर धरायला सांगतात, बोलणं ऐकतात. बोटाला टोचून साखरही बघतात. साखर उतरली तरी माणूस असाच दिसतो. पण खरा प्रश्न वेगळाच: शेवटचा धडधाकट कधी पाहिला? पहाटे उठल्यावर कळलं, तर रात्री झोपतानाची वेळ धरतात. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन त्या वेळेपासून साधारण साडेचार तासांच्या आतच देतात, तेही सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही हे पाहून. म्हणून १०८ लावतानाच जवळ सीटी कुठं आहे ते विचारा. तोंडात पाणी नको, गोळी नको, ॲस्पिरिनसुद्धा नाही.