‘कोकोनट शाय’ला मराठीत काय म्हणावं?

नाशिकरोडच्या एक शिक्षिका मुलांसाठी एका इंग्रजी गोष्टीचा अनुवाद करत आहेत. गोष्टीतली मुलं जत्रेत ‘कोकोनट शाय’च्या स्टॉलवर जातात. चेंडू मारून खांबावरचा नारळ पाडायचा आणि तो जिंकायचा, असा हा खेळ. बाईंनी विचारलंय, शाय म्हणजे लाजाळू, मग हा लाजरा नारळ कसला? आणि ‘नारळफेक’ म्हटलं तर चालेल का?

लाजण्याचा इथे काही संबंध नाही. इंग्रजीत ‘शाय’ हे नेम धरून भिरकावण्याचंही क्रियापद आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून ते लिखाणात सापडतं. त्यामागचा खेळ मात्र क्रूर होता. ख्रिस्ती लोकांचे लेंटचे उपवास सुरू होण्याच्या आदल्या दिवशी, मंगळवारी, इंग्लंडात कोंबडा दोरीने बांधायचे आणि लांबून काठ्या फेकून त्याला मारायचे. हा ‘कॉक-शाय’. पुढे ही प्रथा बंद पडली, पण शब्द टिकला आणि कुठल्याही निशाण्याला लागू लागला. जत्रांमध्ये कोंबड्याच्या जागी ‘आंट सॅली’ नावाचं बाईचं लाकडी मुंडकं आलं, आणि मग खांबांवर मांडलेले नारळ. थेम्सकाठच्या किंग्स्टनच्या जत्रेत १८६७ साली हा खेळ सुरू झाला असं सांगतात. नारळ त्या थंड मुलखात पिकत नाही. समुद्रापलीकडून आलेलं ते अपूर्वाईचं फळ, म्हणून बक्षीस म्हणून शोभायचं. आपल्या मुलांना नारळाचं एवढं अप्रूप का, हे कळणार नाही. अनुवादात त्यासाठी अर्धं वाक्य जरूर घालावं.

आता ‘नारळफेक’. माझं मत स्पष्ट आहे : नको. गोळाफेक, थाळीफेक, भालाफेक, दगडफेक हे शब्द पाहा. जे फेकायचं ते आधी येतं. नारळफेक म्हटलं की मुलांना नारळच हवेतून जाताना दिसेल. इथे फेकायचा आहे चेंडू, नारळ पाडायचा आहे.

नवरात्रात नाशिकच्या कालिका देवीच्या यात्रेत फिरून आलात तर उत्तर कानावर पडेल. स्टीलच्या सहा ग्लासांची उतरंड : खाली तीन, वर दोन, त्यावर एक. हातात कापडी चेंडू. वरचे ग्लास खणखणत पडतात आणि खालच्या रांगेतला एखादा हटकून उभा राहतो. या खेळाला पोरं ‘ग्लासफेक’ म्हणत नाहीत, ‘ग्लास पाडायचे’ म्हणतात. शेजारी ‘फुगे फोडायचे’, पलीकडे ‘रिंग टाकायची’. जत्रेतल्या खेळांना आपण नावापेक्षा क्रियापदानेच ओळखतो, आणि ते फार जिवंत वाटतं. म्हणून ‘चल, नारळ पाडू’ असंच लिहावं. स्टॉलला ‘नारळ पाडायचा स्टॉल’ पुरे.

‘फोडणे’ मात्र टाळा. नारळ फोडला म्हटलं की देऊळ किंवा शुभारंभ आठवतो. शिवाय गोष्टीतला मुलगा जिंकतो तिथे ‘त्याला नारळ मिळाला’ लिहू नका. मराठीत नारळ मिळतो तो कामावरून काढून टाकलेल्या माणसाला. ‘त्यानं नारळ जिंकला’ लिहा.