लालबागेला पुष्पप्रदर्शनाच्या दिवसांतच जावे का?

वयस्क आई आणि दोन लहान मुलांना घेऊन आपण बेळगावहून बंगळूरला जात आहात, आणि तिथली लालबाग ही जुनी बाग ऑगस्टच्या पुष्पप्रदर्शनातच पाहावी का व त्याच दिवशी कब्बन पार्क हे शहरातले दुसरे उद्यान उरकेल का, असे विचारले आहे. माझे उत्तर स्पष्ट आहे: प्रदर्शनाच्या दिवसांत जाऊ नका.

मी खानापूर तालुक्यातील एका मराठी शाळेत भूगोल शिकवीत असे, त्यामुळे लालबाग म्हटले की मला फुलांआधी तिथला खडक आठवतो. आमचे दाजी बंगळूरलाच स्थायिक आहेत आणि लालबाग पाहावी ती स्वातंत्र्यदिनाच्या किंवा प्रजासत्ताकदिनाच्या प्रदर्शनात, नाहीतर पाहूच नये, असे त्यांचे ठाम मत आहे. त्यांच्या आग्रहाखातर आम्ही सहकुटुंब गेलो. निम्मी सकाळ तिकिटाच्या रांगेत गेली आणि उरलेली काचघराभोवतीच्या गर्दीत. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या धर्तीवरील या काचघराची पायाभरणी १८८९ मध्ये झाली. परंतु त्याच्या लोखंडी कमानी क्षणभर थांबून पाहाव्यात, तर मागचा लोंढा पाऊल टेकू देईना. भाच्याने खडकावर जाण्याचा हट्ट धरला, तेव्हा दाजी म्हणाले, "दगडात काय बघायचंय? आपल्याकडे दगड काय कमी आहेत?"

तसा दगड आपल्याकडे नाही, हे मी त्यांना तेव्हाही सांगितले. बेळगाव परिसरातील काळा पाषाण लाव्हारस थिजून बनला आणि त्याचे वय सुमारे ६.६ कोटी वर्षे आहे. लालबागेतील पट्टिताश्म, म्हणजे पट्टे असलेला खडक, सुमारे ३०० कोटी वर्षांचा असून त्याला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा दर्जा आहे. पुढे एका साध्या दिवशी, ऊन चढण्यापूर्वी, मी भाच्याला तिथे नेले आणि खडकावरून बोट फिरवायला सांगितले. पांढरट-गुलाबी पट्टे, त्यांच्यामधून जाणाऱ्या काळसर अभ्रकाच्या बारीक रेघा, आणि त्या रेघा मध्येच पिळलेल्या धोतरासारख्या वळलेल्या. "मामा, एवढ्या कठीण दगडाला पीळ कसा पडला?" असे त्याने विचारले. जमिनीखाली खोलवर उष्णता आणि दाब इतका असतो की घन खडकही हळूहळू वाकतो, हे मी वर्गात अनेकदा शिकवले होते. त्या दिवशी ते एका मुलाच्या बोटाखाली होते. माथ्यावर बंगळूर वसवणाऱ्या केंपेगौडांच्या नावाने ओळखला जाणारा छोटा मनोरा आहे, तिथून शहर किती पसरले ते दिसते.

खडकानंतर झाडे पाहा. हैदर अलीने १७६० मध्ये ही बाग सुरू केली आणि टिपूने देशोदेशीची रोपे आणून ती वाढवली. आज ती सुमारे २४० एकर आहे. पांढऱ्या सावरीच्या जुन्या झाडाची फळ्यांसारखी उभी मुळे मुलांच्या डोक्यावर जातील. सुमारे २ कोटी वर्षांपूर्वीचे अश्मीभूत, म्हणजे दगड झालेले, खोडही जवळून पाहा. काचघर शेवटी ठेवा, साध्या दिवशी ते शांतपणे पाहता येते.

राणी चन्नम्मा एक्सप्रेसने सकाळी उतरलात, तर रेल्वे स्थानकालगतच्या मॅजेस्टिक मेट्रो स्थानकाहून हिरव्या मार्गाची मेट्रो थेट लालबागेला जाते. कब्बन पार्कसाठी मॅजेस्टिकला परत येऊन जांभळा मार्ग धरावा लागेल. लालबाग नीट पाहिल्यावर वयस्क माणसात तेवढे त्राण उरत नाही, म्हणून मी ते दुसऱ्या दिवसावर ठेवीन.

फुलांची हौस असणाऱ्याने प्रदर्शन जरूर पाहावे, त्यामागे माळ्यांचे मोठे कष्ट असतात. परंतु ज्याला बाग पाहायची आहे, त्याला नातेवाइकांनी त्याच गर्दीत ओढू नये. ऑगस्टमध्येच जाणे भाग असेल, तर प्रदर्शन संपल्यानंतरचा दिवस निवडा. पाऊस पडून गेला असेल, तर खडक निसरडा होतो. तेव्हा आईंना पायथ्याशी सावलीत बसवा आणि मुलांचा हात धरूनच वर चढा.