दुकानदाराचं ऐकू की मुलाचं?

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका. मुलाने दिवाळीत विंडोज ११ चा लॅपटॉप घेऊन दिला. बँक, वीजबिल, नातवंडांचे फोटो आणि थोडं मराठी टायपिंग, एवढाच वापर. सोबत आलेल्या अँटीव्हायरसची मुदत संपली, तेव्हापासून रोज लाल चौकट येते. दुकानदार म्हणतो, पैसे भरा, नाहीतर सगळं उडेल. मुलगा म्हणतो, विंडोजमधला पुरे. कोणाचं ऐकू?
— एक वाचक, कराड

उत्तर : ताई, मुलाचं ऐका. संगणक दुरुस्तीच्या दुकानात बसून मीही वर्षानुवर्षं अँटीव्हायरसची ही पाकिटं विकली आहेत, आणि जुन्या विंडोज एक्सपीच्या काळात ती लागायचीच. पुण्याचं क्विक हील अँटीव्हायरस घराघरांत पोचलं ते उगाच नाही. पण २०१२ च्या विंडोज ८ पासून डिफेंडर हा मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा अँटीव्हायरस विंडोजसोबतच येतो, आणि आज घरच्या वापराला तो पुरतो.

आधी तो मुदत संपलेला अनइन्स्टॉल करून मशीन रीस्टार्ट करा. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. दुसरा असला की डिफेंडर बाजूला होतो, तो गेला की आपणहून कामाला लागतो. घड्याळाजवळच्या बाणात छोटी ढाल असते, तिच्यावर हिरवी खूण हवी. त्यानंतरही लाल चौकट आली, तर ती ब्राउझरमधून येतेय. कुठल्यातरी साइटच्या नोटिफिकेशनला चुकून ‘अलाउ’ म्हटलं गेलं असेल. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन ते बंद करा.

माझ्या टेबलावर येणारी बहुतेक मशिनं मात्र वेगळ्याच कारणाने आलेली असतात. मध्यंतरी कॉलेजचा एक मुलगा आला. मायक्रोसॉफ्ट ऑफिस फुकटात चालू करायला त्याने कुठूनसा ॲक्टिव्हेटर, म्हणजे पैसे न भरता सॉफ्टवेअर चालू करणारा चोरटा प्रोग्राम, उतरवला होता. सोबतच्या सूचनांत पहिलीच ओळ : आधी डिफेंडर बंद करा. चोराने कुत्रं बांधून ठेवायला सांगितलं, आणि यानं बांधलं! प्रोजेक्टची प्रत्येक फाइल कुलूपबंद, नावापुढे भलतीच अक्षरं, डेस्कटॉपवर कुलूप उघडायला पैसे मागणारी खंडणीची चिठ्ठी. मला एकही फाइल परत आणता आली नाही. विकतचा अँटीव्हायरस असता तर त्यानं तोही बंद केला असता.

आणि ‘बँकेतून बोलतोय, एनीडेस्क टाका’ असा फोन आला आणि तुम्ही दुसऱ्याला लांबून आपला संगणक चालवू देणारं ते ॲप टाकलं, तर कुठलाच अँटीव्हायरस मध्ये पडत नाही. तुम्ही स्वतःच दार उघडलेलं असतं. पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा.

विंडोजचे अपडेट पुढे ढकलू नका. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसने जगभर धुमाकूळ घातला, त्यावरचा अपडेट मार्चमध्येच आला होता. शेजारी कोणाकडे विंडोज १० असेल तर सांगा, त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

वाचलेल्या पैशांत थोडी भर घालून एक्स्टर्नल हार्ड डिस्क घ्या. महिन्यातून एकदा फोटो त्यात कॉपी करा आणि लगेच वायर काढून ती कपाटात ठेवा. जोडलेली राहिली तर खंडणीवाला तीही कुलूपबंद करतो.