पत्र्याच्या स्क्रूला कोणता इम्पॅक्ट ड्रायव्हर?

प्रश्न: शेडची कामं घेतो, साध्या ड्रिलनं सेल्फ ड्रिलिंग (स्वतःच भोक पाडत जाणारे) स्क्रू मारून मनगट गेलंय. कॉर्डलेस इम्पॅक्ट ड्रायव्हर १२ व्होल्टचा घेऊ का १८? – एक वाचक, मिरज

उत्तर: दिवसभर लोखंडी पाइपावर काम असेल तर १८च घ्या भाऊ, ब्रशलेस (मोटरीत कार्बन ब्रश नसलेला), १५०-१८० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे पिळायचा जोर, बास झाला. स्क्रू अडला की आतला हातोडा फिरत फिरत ठोके देतो म्हणून मनगटाला हिसका बसत नाही, कानाला मात्र बसतो, बोळे घाला. बॅटऱ्या दोन हव्यातच, पत्र्यावर चढल्यावर एक संपली की खाली कोण उतरणार! बिट, म्हणजे स्क्रूला लावायचं पुढचं टोक, इम्पॅक्टवालाच घ्या, साधा तुटतो. आणि वॉशरचं रबर जरा दबलं की ट्रिगर सोडा, जास्त आवळलं तर रबर फाटतं आन पावसाळ्यात शेड गळली की मालक तुम्हालाच फोन करणार. स्लॅबला भोकं पाडायला हा चालत नाही, त्याला रोटरी हॅमर.