चार लाख कर्जात भरू नका, हाताशी ठेवा

जळगावच्या पिंप्राळ्यातून एका ताईंचं पत्र आलंय. थोरला सव्वादोन वर्षांचा, धाकटी नऊ आठवड्यांची. ताई एमआयडीसीतल्या डाळ मिलमध्ये हिशेब बघतात, पीएफ कापून हातात 24,500 येतात. मिस्टर पाइपच्या कंपनीत, त्यांना 41,000. घराच्या कर्जाचे 16 लाख बाकी, मुदत अजून 16 वर्षं, व्याज साडेआठ टक्के, हप्ता 15,270. मुदत संपलेली एफडी आणि बारशाचा आहेर मिळून 4 लाख जमलेत. त्या लिहितात, "हे पैसे कर्जात भरून हप्ता कमी करायचा आणि मी राजीनामा द्यायचा, असं घरात ठरत आलंय. माझा पगार सांभाळणाऱ्या बाईतच जाणार, असं सगळे म्हणतात. योग्य होईल का?"

ताई, तुमची मेल रात्री सव्वातीनची आहे. एक कडेवर, आणि दुसरा झोपेतून उठून "मलाच घे" म्हणून पाय धरून बसलेला. माझ्या दोघांत बावीस महिन्यांचं अंतर आहे, त्यामुळे ती वेळ मला चांगली ठाऊक आहे. तुम्ही लिहिलंय की थोरल्याचं डायपर सुटलं होतं, बहीण आल्यावर परत लावावं लागलं. बहुतेक घरी असं होतं आणि काही महिन्यांत निवळतं. पण महिन्याच्या खर्चात डायपर दोघांचे धरा.

आता आकडे मांडू. घरखर्च 26,000, मुलांचं दूध-डायपर-डॉक्टर 4,500 आणि हप्ता, मिळून 45,770. तुम्ही नोकरी सोडलीत तर 41,000 मध्ये दरमहा 4,770 कमी पडतात. 4 लाख कर्जात भरून मुदत तीच ठेवली, तर हप्ता साधारण 11,450 वर येईल. म्हणजे चार लाख देऊन महिन्याला 3,800 सुटतात, तरीही हजारभर कमी पडतातच, आणि हातात काहीच उरत नाही.

तेच पैसे बँकेत ठेवून दर महिन्याला तूट भरून काढली, तर व्याज न धरताही 84 महिने पुरतील. शाळेची फी, आजारपण, उन्हाळ्यात दिवसरात्र चालणाऱ्या कूलरचं बिल धरून निम्मं करा, तरी साडेतीन वर्षं होतात. कर्जाचं व्याज एफडीपेक्षा दोनेक टक्के जास्त आहे हे खरं. चार लाखांवर तो फरक वर्षाला आठ हजारांच्या घरात जातो. दोन लहान लेकरं असलेल्या घरात पैसा हाताशी असण्यासाठी ही किंमत मी आनंदाने मोजेन.

कारण मी ती मोजली नव्हती. धाकट्याच्या वेळी आलेला बोनस आम्ही सगळाच्या सगळा कर्जात भरला. तो सात आठवड्यांचा असताना त्याला न्यूमोनिया झाला. रात्री साडेअकराला काउंटरवर 40,000 अनामत मागितली. आमच्या आरोग्य विम्याच्या पॉलिसीत बाळाला 90 दिवसांनंतरच घेत होते, ते त्या रात्री कळलं. नवऱ्याने सकाळी माझ्या पाटल्या गहाण ठेवल्या. पाटल्या सुटल्या, बाळही सुखरूप घरी आलं, पण काउंटरसमोरचा तो तास मी विसरलेले नाही. म्हणून आजच मिस्टरांच्या कंपनीच्या एचआरला विचारा, ग्रुप पॉलिसीत मुलीचं नाव चढलंय का. ग्रुप पॉलिसीत बाळाला पुष्कळदा पहिल्या दिवसापासून घेतात, पण नाव आपण कळवावं लागतं.

कर्ज पुढे कधीही फेडता येईल. तुमचा व्याजदर बदलता आहे, आणि अशा गृहकर्जावर मुदतीआधी भरल्याबद्दल बँक दंड लावू शकत नाही. दोघांचे पगार सुरळीत झाले की भरा, आणि तेव्हा हप्ता नको, मुदत कमी करून मागा.

राजीनाम्याचं मात्र एवढं सरळ नाही. बाईचे 7,000, थोरल्याच्या प्लेग्रुपचे दोन हजार, तुमच्या जाण्यायेण्याचे दोन हजार, असे 11,000 गेले तरी 13,500 उरतात. शिवाय तुमचे आणि मालकाचे पीएफचे 1,800-1,800, त्यातला काही भाग पेन्शनला. तेव्हा "पगार बाईतच जातो" हे हिशेबात बसत नाही. आणि बाईचा पगार तुमच्या एकटीच्या पगारातून का वजा करायचा? मुलं दोघांची आहेत.

मुख्य मुद्दा तारखेचा. तुमची नोकरी 4 वर्षं 5 महिने झाली. बाळंतपणाची 26 आठवड्यांची रजा नोकरीत धरली जाते, म्हणजे आणखी 14 आठवड्यांनी रुजू व्हाल तेव्हा पाच वर्षांना जेमतेम चार महिने उरतील. पाच वर्षं भरली की ग्रॅच्युइटीचा, म्हणजे नोकरी सोडताना मालकाने द्यायच्या एकरकमी पैशांचा, हक्क लागतो. 16,000 मूळ पगारावर दर वर्षाला 15 दिवसांचा पगार (महिना 26 दिवसांचा धरून) या हिशेबाने ती सुमारे 46,000 होते. पीएफही पाच वर्षांच्या आत काढला तर करपात्र, नंतर नाही. रजा संपताच राजीनामा दिलात, तर हे सगळं चार महिन्यांसाठी सोडून द्याल. तुमच्या मिलमध्ये 50 च्या वर कामगार आहेत असं लिहिलंय, तेव्हा पाळणाघराची सोय करणं कायद्याने मालकावर आहे. लेखी विचारा.

म्हणून माझं मत असं: रुजू व्हा, पाच वर्षं भरू द्या, मग पुन्हा बसून ठरवा. पण त्या आधीच अंगात बळ उरलं नाही, सारखं रडू येऊ लागलं, मन कशातच लागेना, तर आधी डॉक्टरांकडे जा आणि नोकरी सोडावीशी वाटली तर निःशंक सोडा. चार लाख हाताशी असतील तर घर तेवढं पेलू शकतं.

ते चार लाख चार वेगवेगळ्या ठिकाणी अडकवू नका. एकाच बँकेत ठेवा: एक लाख बचत खात्यात, बाकीच्या लाखा-लाखाच्या तीन एफडी, म्हणजे गरज पडली तर एकच मोडावी लागेल. मावससासरे जास्त व्याजाची पतसंस्था सुचवताहेत. त्यांना नम्रपणे नाही म्हणा. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला नसतो, आणि आपल्या जिल्ह्यात पतसंस्थेत पैसे अडकलेली माणसं शोधावी लागत नाहीत.

मिस्टरांची पाच लाखांची एलआयसी पुरणार नाही. निदान 75 लाखांचा टर्म विमा, म्हणजे माणूस गेला तरच घरच्यांना पैसे देणारा विमा, घ्या. सप्टेंबर 2025 पासून त्यावर जीएसटीही नाही. तुमचाही घ्या, तोही नोकरी चालू असतानाच, कारण स्वतःचा पगार नसला की कंपन्या का-कू करतात. मुलीचा जन्मदाखला आला की पोस्टात सुकन्या समृद्धीचं (मुलींसाठीच्या सरकारी बचत योजनेचं) खातं 250 रुपयांनी उघडून ठेवा. मोठी रक्कम आत्ता नको, ते पैसे ती मोठी होईपर्यंत अडकतात.

सासूबाईंना यावलला फोन करा. केळीची कापणी आटोपली की चार महिने येतील का, विचारा. त्या आल्या तरी बाई लावाच. साठीतल्या माणसावर दोन लेकरं टाकू नयेत. आणि बाई तुम्ही रुजू व्हायच्या दिवशी नाही, दोन आठवडे आधी बोलवा. साडेतीन हजार जास्त जातील. त्या पंधरा दिवसांत धाकटीला बाईच्या मांडीवर द्या आणि थोरल्याला तुम्ही घ्या. त्याला आत्ता तीच जागा हवी आहे.