नाताळ आणि गुड फ्रायडेला सरकारी सुट्टी असावी का? आणि पाळकाने चर्चबाहेरच्या प्रश्नांवर बोलावं का?

तुम्ही विचारलंय की धर्मनिरपेक्ष देशात सणांच्या सरकारी सुट्ट्या कशासाठी, आणि पाळकाने सार्वजनिक गोष्टींत पडावं की आपली उपासना सांभाळावी. मी नगर जिल्ह्यातल्या एका मराठी प्रोटेस्टंट मंडळीचा पाळक आहे (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर आहे, तोंडात अजून नगरच येतं). मला हे दोन्ही प्रश्न एकाच ठिकाणी जाऊन मिळताना दिसतात, म्हणून उत्तरही एकत्रच देतो.

आधी हे सांगतो की सरकारी सुट्टीवर आमचा विश्वास उभा नाही. 25 डिसेंबर ही तारीख बायबलमध्ये कुठेच नाही. रोममध्ये ती चौथ्या शतकात पाळली जात होती अशी नोंद सापडते, आणि आर्मेनियन मंडळी आजही 6 जानेवारीला ख्रिस्तजन्म साजरा करते. प्रेषित पौलाने तर रोमच्या विश्वासणाऱ्यांना लिहूनच ठेवलंय की कोणी एखादा दिवस अधिक मानतो, कोणाला सगळे दिवस सारखे. ज्याने त्याने आपल्या मनाची खातरी करून घ्यावी. आमचा सर्वांत मोठा सण म्हणजे पुनरुत्थानाचा, ईस्टरचा. तो रविवारीच येतो, त्याला वेगळी सुट्टी लागत नाही. उद्या कॅलेंडरमधून नाताळचं लाल अक्षर गेलं तर लोक कामावरून येऊन रात्री उपासनेला बसतील. पुष्कळ देशांत तसं चालतंच.

तरीही सुट्टी असावी असं माझं ठाम मत आहे. का, ते दहा आज्ञांमधल्या शब्बाथाच्या, म्हणजे आठवड्याच्या विसाव्याच्या दिवसाच्या आज्ञेत आहे. लोक ती "सातव्या दिवशी काम करू नको" एवढीच सांगतात. पुढचं वाचा. तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, तुझा दास, तुझी दासी, तुझा बैल, तुझं गाढव आणि तुझ्या वेशीच्या आत राहणारा परका, यांतल्या कोणीही काम करायचं नाही. बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात त्याचं कारणही दिलंय: तुझ्यासारखाच तुझ्या दासदासींना विसावा मिळावा, आणि तू स्वतः मिसर देशात दास होतास याची तुला आठवण राहावी. मालकाला विसावा घ्यायला आज्ञेची गरज नव्हती, तो हवा तेव्हा बसू शकत होता. आज्ञा आली ती ज्याला "आज येत नाही" म्हणता येत नव्हतं त्याच्यासाठी. बैलाचाही त्यात विचार आहे; आपल्या बेंदूर-पोळ्याच्या मुलखात हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

ही आज्ञा राजसत्तेच्या हातात गेल्यावर काय झालं तेही पाहा. रोमन सम्राट कॉन्स्टंटाईनने 321 साली रविवार हा विसाव्याचा दिवस ठरवला. न्यायाधीश, शहरातले लोक आणि कारागीर यांनी काम बंद ठेवावं असा हुकूम निघाला. शेतावरच्यांना मात्र काम चालू ठेवायची मुभा दिली, कारण पेरणीचा योग्य दिवस हातचा जाऊ नये. व्यवहाराच्या दृष्टीने ते समजण्यासारखं आहे. पण ज्यांची नावं आज्ञेत आहेत, ते दास आणि बैल शेतावरच होते.

आपल्याकडचा रविवार ख्रिस्ती राज्यकर्त्यांनी दिला असं सर्रास म्हटलं जातं. कचेऱ्यांपुरतं ते खरं आहे, गिरण्यांच्या बाबतीत नाही. मुंबईतल्या गिरणी कामगारांना रविवार मिळवून दिला तो महात्मा फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी. एप्रिल 1890 मध्ये त्यांनी कामगारांची प्रचंड सभा भरवली, तिथे बायकाही बोलल्या, आणि 10 जून 1890 ला गिरणीमालकांनी साप्ताहिक सुट्टी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, हेही त्यांच्या मागणीत होतं. मी ख्रिस्ती पाळक असून सांगतो, शब्बाथाच्या आज्ञेचा अर्थ त्या वर्षी मुंबईतल्या चर्चमध्ये बसणाऱ्या कित्येक साहेबांपेक्षा लोखंड्यांनी जास्त खरा केला. मंडळीच्या तरुण संघात मी त्यांचं नाव आवर्जून घेतो.

आता आमच्या भागाबद्दल. दिवाळीच्या आसपास पाथर्डी-शेवगाव, बीड, जालन्याकडून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि कारखान्यांचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की मार्च-एप्रिलमध्ये परततात. म्हणजे नाताळ अख्खा फडातच जातो. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे एकच जोडी धरतात. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते, ती फिटेपर्यंत दिवस त्यांचा नसतो. एक दिवस चुकला की खाडा धरतात आणि त्याचे पैसे कापतात. ताप आला तरी खाडा, पोर आजारी पडलं तरी खाडा. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशवी काढण्याच्या शस्त्रक्रियांचं प्रमाण इतकं वाढलं की 2019 मध्ये सरकारला चौकशीसाठी समिती नेमावी लागली. पाळीच्या दिवसांत खाडा पडतो, हे त्यातलं एक कारण म्हणून पुढे आलं. सुट्टी घेता येत नाही म्हणून शरीराचा अवयव काढून टाकायचा! हे वाचल्यावर मला "सणाच्या सुट्ट्या फार झाल्या" या चर्चेत भागच घेववत नाही.

आमच्या मंडळीतल्या काही घरांचे नातेवाईक या टोळ्यांमध्ये असतात. नाताळात आम्ही त्यांच्या कोप्यांवर, म्हणजे फडाजवळच्या झोपड्यांवर जातो, करंज्या-शंकरपाळे नेतो आणि एक छोटी उपासना घेतो. ती रात्रीच घ्यावी लागते, आणि मध्येच ट्रक भरायला आला तर माणसं प्रार्थनेतून उठून जातात. अशा वेळी "शब्बाथ मनुष्यांसाठी झाला, मनुष्य शब्बाथासाठी झाला नाही" हे प्रभूचं वचन वाचून मी स्वस्थ घरी कसा येऊ? आठवड्याची एक भरपगारी सुट्टी या माणसांनाही मिळाली पाहिजे हे मी बोलणारच, आणि इथे तुमचा दुसरा प्रश्न आपोआप येतो.

मंडळीतले वडीलधारे मला प्रेमाने सांगतात, "पाळकसाहेब, आपण मूठभर. कशाला डोळ्यांवर यायचं?" त्यांची काळजी खोटी नाही. 2011 च्या जनगणनेत राज्यातले ख्रिस्ती एक टक्क्याच्या आसपास होते, आणि अलीकडे प्रार्थनासभेलाही संशयाने पाहिलं जातं. पण या मातीतली आमची परंपरा गप्प बसण्याची नाही. 1889 मध्ये मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनात ज्या मोजक्या स्त्रिया प्रतिनिधी म्हणून बसल्या, त्यांत पंडिता रमाबाई होत्या. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईसाठी रस्त्यावर उतरले. ते पाणी आणि ती शेतं सगळ्यांची होती, एकट्या कॅथलिकांची नव्हती. पुढे 2020 च्या धाराशिवच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. आमच्या स्वतःच्या हक्कासाठीही बोलावं लागतंच. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे दलित ख्रिस्ती आजही अनुसूचित जातींच्या सवलतींबाहेर आहेत. पण आम्ही फक्त याच एका विषयावर तोंड उघडलं, तर शेजाऱ्याने आम्हाला स्वार्थी म्हणावं आणि ते योग्यच ठरेल.

सुरुवात घरापासून करावी म्हणून नाताळच्या आधीच्या रविवारी मी उपदेशात स्पष्ट सांगतो: तुमच्याकडे धुणंभांडी करणारी बाई असेल, शेतावर गडी असेल, दुकानात पोरगा असेल, तर त्याला 25 तारखेला पगारी सुट्टी द्या. तो ख्रिस्ती नसेल तर त्याच्या दिवाळीला, ईदेला, 14 एप्रिललाही द्या. काही जण नाराज होतात. काही जण देतात.

माझी मर्यादाही सांगतो. अधिकारावर असलेल्यांसाठी आम्ही दर रविवारी प्रार्थना करतो, मग पक्ष कोणताही असो. मत कोणाला द्यायचं हे मात्र व्यासपीठावरून सांगत नाही, खासगीत विचारलं तरी नाही. निवडणुकीच्या वर्षी नाताळाला उमेदवार हमखास येतात. त्यांना सगळ्यांबरोबर बाकावर बसायला जागा असते, पण उपासनेत माईक मिळत नाही. उपासना झाल्यावर चहाला ते थांबतात, तेव्हा त्यांना खाड्याबद्दल आणि रखडलेल्या दफनभूमीच्या जागेबद्दल विचारा, असं मी मंडळीला आधीच सांगून ठेवलेलं असतं.