उबंटूवर जीसीसीच्या दोन व्हर्जन ठेवून हवी तेव्हा बदलायची कशी?

तुम्ही विचारलंय की उबंटू २२.०४ वर जीसीसी (सी कोडचा कंपायलर) ११ आहे, जुन्या प्रोजेक्टला ९ हवंय, तर बिन फोल्डरमधली जीसीसीची लिंक (खऱ्या प्रोग्रॅमकडे नेणारी शॉर्टकट फाइल) ९ कडे वळवली तर चालेल का. नका वळवू. याच लिंकपायी मी ऑफिसात नाही नाही ते ऐकून घेतलंय.

आमचं पुण्यातलं बिल्ड मशीनही २२.०४ च होतं. कोड सी मधला, फार जुना, हेडर फाइलमध्येच ग्लोबल व्हेरिएबल टाकलेले, एक्स्टर्न (व्हेरिएबल दुसरीकडे बनवलाय असं सांगणारा शब्द) नाही की काही नाही. ९ पर्यंत हे खपायचं, १० पासून डीफॉल्टच 'एफ-नो-कॉमन' झालं, म्हणजे एकाच नावाचे ग्लोबल एकत्र करणं बंद, त्यामुळे लिंकिंगला (कंपाइल झालेल्या फाइल जोडताना) 'मल्टिपल डेफिनिशन'च्या एररची रांग लागते. आमच्या सिनियरनी काय केलं तर जीसीसी-९ टाकलं आणि लिंक हाताने उडवून त्याच्याकडे वळवली. मी तेव्हाच म्हटलं होतं, सर, मेकफाइलमध्ये (बिल्डच्या सूचनांच्या फाइलमध्ये) सीसी, म्हणजे कुठला सी कंपायलर घ्यायचा ते, लिहू, नाहीतर एक्स्टर्न लावून कोडच नीट करू, दोन दिवसांचं काम आहे. तर म्हणे, "चाललंय ना? मग हात लावू नकोस."

चार-पाच महिने चाललं. मग एका सोमवारी सगळे बिल्ड आडवे, तेच जुने एरर, आणि शनिवारी मशीनवर मी बसलो होतो म्हणून सगळ्यांसमोर "तूच काहीतरी केलंस". त्याच दिवशी डिलिव्हरी होती. संध्याकाळपर्यंत एकटा शोधत बसलो तेव्हा एपीटीच्या (उबंटूत पॅकेज बसवणाऱ्या टूलच्या) हिस्टरी लॉगमध्ये सापडलं, रविवारी दुसऱ्याच कुणीतरी जीसीसीचं पॅकेज रिइन्स्टॉल केलं होतं. ती लिंक पॅकेजचीच असते, पॅकेज परत बसलं की लिंक परत ११ वर. लॉगचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकला, सॉरी कुणीही म्हटलं नाही.

अपडेट-अल्टरनेटिव्हज (अशा लिंक बदलून देणारी कमांड) लोक सर्रास सुचवतात, पण उबंटूत जीसीसीची लिंक त्याच्या ताब्यात नसते, पॅकेज थेट टाकतं, म्हणजे धोका तोच. वर जी++ ला (सी++ च्या कंपायलरला) स्लेव्ह म्हणून, म्हणजे जीसीसीबरोबरच बदलेल असं, जोडायचं राहिलं तर सी कोड जीसीसी-९ ने आणि सी++ कोड जी++-११ ने कंपाइल होत राहतो.

एपीटीने जीसीसी-९ आणि जी++-९ टाका, ११ च्या शेजारी निवांत राहतात. मग त्या प्रोजेक्टपुरतं सीसी आणि सीएक्सएक्स (सी++ साठीचं तसंच सेटिंग) सेट करा आणि ते रिपॉझिटरीतच लिहून ठेवा म्हणजे मशीन बदललं तरी अडत नाही. सीमेक (बिल्डच्या फाइल बनवणारं टूल) असेल तर बिल्ड फोल्डर उडवून पुन्हा करा, पहिला सापडलेला कंपायलर तो कॅशमध्ये धरून बसतो. आणि अडचण फक्त मल्टिपल डेफिनिशनची असेल तर ९ कशाला, ११ लाच 'एफ-कॉमन' फ्लॅग द्या, आमचं एवढ्यानेही भागलं असतं.

हां, कर्नल मॉड्यूल (लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, जोडला जाणारा कोड) किंवा ग्राफिक्स ड्रायव्हरसाठी हे करू नका, तिथे कर्नल ज्या कंपायलरने बनलाय तोच घ्यायचा, प्रॉक फोल्डरमधल्या व्हर्जन फाइलमध्ये दिसतो. आणि लॅपटॉप तुमच्या एकट्याचा असेल तर वापरा अल्टरनेटिव्हज, पण मशीनवर चार जण काम करत असतील तर नको.